सवतीचा टाक

बिजवराला दिलेल्या तुळसेच्या गळ्यात लग्नाच्या दिवशीच मेलेल्या सवतीचा चांदीचा टाक पडला, आणि त्या दिवसापासून तिला श्वास पुरेनासा झाला.

टाकावर त्या सवतीची, मैनेची मूर्ती होती. सोनाराने तिचे दोन्ही हात तिच्याच गळ्याशी घडवले होते, जणू मंगळसूत्र सावरतेय.

अंगारे झाले, देवळात कौल लावून झाले. शेवटी धाकू तांडेलाने बायकोला रत्नागिरीच्या डॉक्टरांकडे आणलं.

डॉक्टरांनी तिच्या छातीला नळी लावली. "छाती तर स्वच्छ आहे. गळ्यातलं काढा बघू, नळीवर आपटतंय."

"काढायचा नाय तो!" धाकू खेकसला. "मैना कोपंल, माजी मेलेली पहिली बायको."

पण तुळसेचा जीव कासावीस झाला होता. तिने टाक ओढून काढला आणि नवऱ्याच्या हातात कोंबला. त्याच क्षणी तिची छाती वाऱ्याने भरली.

"पहिली कशानं गेली?" डॉक्टरांनी विचारलं.

"पटकीनं," धाकू म्हणाला, आणि त्याचे दोन्ही हात उठून त्याच्याच गळ्याला भिडले.

त्याचे डोळे बाहेर आले. डॉक्टर त्याचं एकेक बोट उपटू लागले. एक काडकन मोडलं, तरी पकड सुटेना. धाकूच्या टाचा फरशीवर आपटत राहिल्या, आणि मग थांबल्या.

त्याच्या हातून सुटलेला टाक तुळसेच्या पायाशी पडला होता. तिने तो उचलला. मैनेचे हात आता खाली, मांड्यांशी होते.

तुळसेने टाक पदराला पुसला आणि पुन्हा गळ्यात घातला. श्वास अगदी मोकळा येत होता.