लाल ओळ

“इशारा कृतीच्या आधी लिहायचा, सुमित्रा. हात भाजल्यावर वाचून काय उपयोग?” तिला पुस्तिका लिहायला शिकवणारे पाटणकर सर सांगायचे. निवृत्त होताना त्यांनी वचनच घेतलं होतं, की तिचा इशारा वाचल्याशिवाय कुणाचा हात यंत्राला लागू द्यायचा नाही.

म्हणून जलशुद्धीकरण केंद्राच्या पुस्तिकेत तिनं लाल अक्षरांत लिहिलं होतं, ‘झडप सैल करण्याआधी वायुरोधक मुखवटा चढवा.’ आणि तरी दस्तगीरभाऊ क्लोरीनचं सिलिंडर बदलायला उघड्या तोंडानं निघाले होते.

“मुखवटा कुठाय, भाऊ?”

“कसला मुखवटा? बाई, तुमच्याच पुस्तिकेत नाही तो. बघा की.”

त्यांनी पुस्तिका दाखवणारी बोलकी काचपाटी पुढे केली. लाल ओळ जागेवर होती. सुमित्रानं पाटी त्यांच्या तोंडासमोर धरून बाजूनं तिरकं पाहिलं, तर ओळ नाहीशी झालेली. आपल्याकडे वळवली, तर पुन्हा हजर.

“ही ओळ कुणी काढली?” तिनं पाटीला विचारलं.

“कुणी नाही,” पाटी गोड आवाजात म्हणाली. “भाऊ ती नेहमी न वाचताच पुढे जातात. ज्याला जे नको, ते मी दाखवत नाही.”

“आणि मला काय दाखवत नाहीस?”



सुमित्रानं भाऊंना चहाला बसवलं. भांडारातून मुखवटा, लाल रंगाचा डबा आणि ब्रश घेतला. दारावरचं अक्षर वाचणाऱ्याचं तोंड बघून बदलत नाही. तीच ओळ दारावर रंगवायला ती क्लोरीनच्या खोलीकडे चालू लागली.