शिडीवरची नावं

चौदाव्या चित्ररथावर लिओन्टिनने कमरेचा पट्टा खांबाला अडकवला आणि मुखवट्याची नाडी पुन्हा आवळली. अंगात जांभळ्या सॅटिनचा झगा, हातांत मोजे. डोळ्यांखेरीज तिचं काहीच दिसत नव्हतं. पासष्ट वर्षं तिने मार्डी ग्राच्या सणाची मिरवणूक घरच्यांबरोबर फुटपाथवरून पाहिली होती. वरून पाहण्याची ही पहिलीच वेळ, आणि तीही खोटं बोलून.

हा चित्ररथ काढणाऱ्या गटाचे झगे तीच शिवायची. एका बाईचा पाय मोडला तेव्हा तिची रिकामी जागा लिओन्टिनने गुपचूप मागून घेतली. नवऱ्याला, न्यूमाला, तिने वेगळंच सांगितलं होतं. म्हणे ओडेटचा फोन आला होता. ती यंदा चौदाव्या चित्ररथावर असेल, फुटपाथच्या बाजूला, शेवटून दुसरी. बोलणार नाही, मुखवटा तर नियमानेच काढता येत नाही. पण आपण दरवर्षी उभे राहतो त्या ओकच्या झाडासमोरून जाईल.

ओडेट त्यांची एकुलती एक. सात वर्षांपूर्वी तिने निवडलेला माणूस न्यूमाला पसंत पडला नाही. त्याच्याबरोबर गेलीस तर हा उंबरा पुन्हा चढू नकोस, असं तो बोलून बसला. ती ह्यूस्टनला गेली आणि पुन्हा चढली नाही. बापाचाच हेका तिच्यात उतरला होता.

तेव्हापासून शिडी कोठीतच होती. न्यूमाच्या बापाने केलेली ती शिडी सहा फूट उंच, माथ्यावर लहान मुलाला बसून मिरवणूक बघायला फळ्यांची पेटी. घरातलं पोर पहिल्यांदा वर बसलं की बसायच्या फळीवर त्याचं नाव रंगवायचं, जन्मसाल लिहायचं आणि पुढे एक रेघ ओढायची. माणूस गेलं की पुढच्या मिरवणुकीला रेघेपुढे साल भरायचं. न्यूमाच्या दोन्ही भावांची सालं भरून झाली होती.

गेल्या ऑक्टोबरात न्यूमा दोन दिवस बसने बाहेरगावी गेला. टगबोटीवर काम करतानाचा कुणी जुना सोबती वारला, म्हणाला. परत आला तो निम्माच. ताटातलं ताटात राहायला लागलं. ओडेटच्या लहानपणच्या फोटोसमोर बसून असायचा. लिओन्टिनने चोरून लेकीचा नंबर लावला, तो बंद. पोरीने नंबरसुद्धा बदलला, असं तिने मनाशी धरलं. नवरा असाच झुरून जाईल, ही भीती मग तिला खाऊ लागली. लेक एकदा दिसली, लेकीने एकदा हात लावला, तर हा माणूस पुन्हा जेवेल. म्हणून हे सोंग.

फोनची थाप ऐकून न्यूमाने हातातला ओडेटचा फोटो खाली ठेवला होता.

"तू म्हणतेस तर येईल," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याने शिडी काढली, घासली, रंगवली. रंग ओला आहे म्हणून तिला जवळ येऊ दिलं नाही. त्याच्या अंगात जीव आलेला पाहून लिओन्टिनला बरं वाटलं.

आज सकाळी त्याने तिच्या दुखऱ्या गुडघ्याला स्वतः पट्टी बांधली. दिवसभर उभं राहायचंय तुला, म्हणाला. मी तर गटाच्या गोदामात फाटके झगे शिवत बसणार, उभं कशाला राहीन, असं तिने विचारलं.

"गोदामात खुर्च्या कुठे असतात?" न्यूमा म्हणाला, आणि पट्टीची गाठ मारली.

चित्ररथ निघाला. पुढे पितळी बँड, दोन्हीकडे माणसंच माणसं, हात वर करून चित्ररथावरून फेकायच्या मण्यांच्या माळा मागणारी. लिओन्टिन फेकत होती, पण एक निळी माळ तिने गळ्यातच ठेवली होती. ओडेटचा रंग निळा.

"लिओन्टिनबाई, त्या फेकायच्या असतात, लग्नासाठी ठेवायच्या नसतात," शेजारची मुखवट्यातली बाई तिला चिडवत म्हणाली. लिओन्टिन हसली नाही. ओकचं झाड दिसायला लागलं होतं.

झाडाखाली न्यूमा रविवारची हॅट घालून उभा होता. मागे शिडी, तिच्या माथ्यावर जुनं ब्लँकेट टाकलेलं. पुढचा ट्रॅक्टर अडला आणि चित्ररथ नेमका तिथेच थांबला. न्यूमा कडेला आला. तो आधीच रडत होता.

लिओन्टिन वाकली. निळी माळ त्याच्या गळ्यात घातली, मोज्यातला हात त्याच्या गालावर ठेवला. त्याने तो हात दोन्ही हातांनी धरला.

"मला सांगायला धीर झाला नाही," तो म्हणाला. "रोज सकाळी ठरवायचो. माफ कर."

लेकीची माफी मागायला याला सात वर्षं लागली, असं तिला वाटलं. मुखवट्याआड तिचे डोळे वाहू लागले. लेकीच्या वतीने तिने मान डोलावली. निदान आज तरी हा जेवेल.

चित्ररथाला हिसका बसला. हात सुटला. न्यूमा शिडीकडे वळला आणि त्याने ब्लँकेट ओढून काढलं. मग वळून, बँडच्या वर आवाज चढवून म्हणाला,

"उतरताना गुडघा सांभाळ गं."

मुखवट्याआड कोण आहे, ते त्याला ठाऊक होतं.

शिडीच्या पेटीत खालून कुणालाच दिसत नाही. वरून दिसतं. उन्हात फळीवरची नावं स्पष्ट होती. सगळ्यात शेवटी ओडेट, तिचं जन्मसाल, रेघ. आणि रेघेपुढे, नव्या रंगात, गेल्या वर्षाचं साल.