कातळ्यांची जागा

“कातळे वगळू या,” मामा म्हणाला आणि चष्मे पुसायच्या फडक्याने त्याने नकाशावरची धूळ झटकली.

भाच्याच्या हातातला कप बशीवर जरा जोरातच आदळला.

दर रविवारी दुपारी मामाच्या चष्म्याच्या दुकानाचं शटर अर्धं खाली यायचं आणि मागच्या खोलीत, नंबर तपासायच्या तक्त्याखाली, मामा, भाचा आणि तीन सवंगडी असे पाच जण बसायचे. फासे टाकायचे आणि कागदावरच्या एका जगात कुणी शिपाई व्हायचं, कुणी चोर. ते जग मामाचं. राजापासून भिकाऱ्यापर्यंत सगळ्यांचे आवाज तोच काढायचा, वादळंही तोच आणायचा. जुनं जग त्याने नुकतंच महापुरात बुडवलं होतं. नवं मांडून झालं की तो दुकान विकून लेकीकडे राहायला जाणार होता, आणि जाण्याआधी हे जग कुणाच्या तरी हाती सोपवणार होता. कुणाच्या, ते तो बोलला नव्हता. भाच्याच्या मते बोलायची गरजच नव्हती. मामाच्या मांडीवर बसून फाशांवरचे ठिपके मोजायला शिकलेला तो एकटाच होता, आणि त्याला हे जग हवं होतं. दुसरं काही इतकं हवं असल्याचं त्याला आठवत नव्हतं.

नव्या जगासाठी चौघांनी एकेक जमात आणली होती. नकाशावर मुलूख मात्र तीनच. भाच्याचे कातळे होते: बुटके, डोंगर पोखरणारे, पणजोबाचा अपमानही न विसरणारे. लंबू इलेक्ट्रिशियनचे उडाणटप्पू, पंख असून आळसापायी चालत जाणारे. बेकरीवाल्याचे राक्षस तळ्याच्या तळाशी घोरत पडायचे. आणि नर्सचे जागले. त्यांना झोपच येत नाही, म्हणून ते इतरांची स्वप्नं विकत घेतात.

जागल्यांचं ऐकून मामा “वा!” म्हणाला होता. हा शब्द तो फार जपून खर्च करायचा. भाच्याच्या वाट्याला तो शेवटचा कधी आला होता, देव जाणे.

नर्सला येऊन वर्षही झालं नव्हतं. तरी पहिला चहा तिला, खिडकीजवळची खुर्ची तिला. आता जागासुद्धा तिच्याच जमातीला.

“कातळेच का?” भाच्याने विचारलं.

“मला वाटतं म्हणून. तू काय, कुठल्याही जमातीतून खेळशील.”

“म्हणजे मी दुसऱ्यांकडे पाहुणा म्हणून राहू?”

मामाने चष्म्याच्या वरून त्याच्याकडे पाहिलं. “घाई नाही. विचार कर. पुढच्या रविवारी सगळे मिळून ठरवू.”

भाच्याने विचार केला, पण भलताच. कुरियरच्या ऑफिसात पाकिटं लावताना त्याला नर्सचं शांत हसू आठवायचं आणि त्याचा तिळपापड व्हायचा. हा मत्सर आहे, हे त्याला कळत होतं. कळून काही उपयोग नव्हता.

मग त्याने एकेकाचे कान भरायला घेतले.

“जागले झोपत नाहीत,” तो बेकरीवाल्याला म्हणाला, “आणि तुझे राक्षस सदा झोपलेले. पहिल्याच रात्री कापून काढतील.”

बेकरीवाला आपल्या राक्षसांच्या बाबतीत हळवा होता. त्याचा चेहराच पडला.

लंबू काही बधेना. “तुझ्या लोकांची स्वप्नं उचलून नेतील,” भाचा म्हणाला, तर तो खूश झाला. “नेऊ देत की! लोळता लोळता कमाई.” शेवटी त्याची शिडी चार जिने चढवून दिली, तेव्हा कुठे गडी वळला.

रविवारी शटर अर्धं खाली आलं. भाचा लवकर येऊन खिडकीजवळच्या खुर्चीत बसला होता. नर्स स्टुलावर बसली.

“मी अजूनही म्हणतो, कातळे जाऊ देत,” मामा म्हणाला. “माझ्यासाठी म्हणून.”

“तुझ्यासाठी काहीही करीन, मामा. पण हे नाही.”

“बघ बरं.”

“बघितलं. मत घे.”

जागले वगळावेत म्हणून भाच्याचा हात वर गेला. बेकरीवाल्याचा गेला, लंबूचाही गेला.

“असू द्या ना,” नर्स म्हणाली. “माझे गेले तरी चालेल मला. खेळ रंगला पाहिजे.” आणि तिनेही हात वर केला.

हे भाच्याला आवडलं नाही. तिने थोडं तरी भांडायला हवं होतं. पण जिंकणं ते जिंकणंच. मामाने नकाशावरचे जागले खोडरबराने पुसले आणि त्या मुलखात कातळे लिहिले. हे करताना तो फार सावकाश होता, म्हातारा दिसत होता.

“आता सांगून टाक,” भाचा खुर्चीत ताठ बसत म्हणाला. “जग कुणाकडे?”

मामाने फासे नकाशावर ठेवले आणि नकाशा टेबलावरून सरकवला, नर्सच्या समोर.

“मी?” ती दचकली.

भाच्याचे कान तापले. “हिच्याकडे? अरे, हिची तर जमातसुद्धा उरली नाही यात!”

“म्हणूनच,” मामा म्हणाला. “जग चालवणाऱ्याची स्वतःची जमात नसावी. असली की वादळं नेमकी दुसऱ्यांच्याच घरांवर जातात. हे आधी बोललो असतो, तर चौघांनीही हसत हसत आपापली जमात सोडली असती.” त्याने चष्मा काढला आणि भाच्याकडे न बघता तो फडक्याने पुसू लागला. “मी तुझी वगळत होतो रे.”