कापरे हात

“हात पुढे करा,” डॉक्टर म्हणाले.

धनेशने हात पुढे केले. बोटं लटलट कापत होती. त्याने ती लगेच मांडीखाली दडपली.

“बघितलंत ना?” दिपाली म्हणाली. “दाखल करून घ्या यांना. आता माझ्याच्यानं होत नाही.”

नवऱ्याला चिंचवडच्या या व्यसनमुक्ती केंद्रात आणणं तिला फार जड गेलं होतं. लातूरहून इकडे आले तेव्हा धनेश हसरा, शांत माणूस होता. महाळुंग्याच्या भंगार गोदामात कामाला लागला आणि वर्षभरात पार बदलला. हातातला चहा सांडायचा. शर्टाची बटणं तिलाच लावून द्यावी लागायची. एवढ्या-तेवढ्यावरून खेकसायचा, मग ओशाळून कुणाला तोंड दाखवायचा नाही. चाळीत सगळे दबक्या आवाजात एकच बोलत, दारू. तोंडाला वास कधी आला नाही. पण चोरून पिणारे वास कशाला येऊ देतील, असं तिला वाटे. काल त्याने भरलं ताट भिंतीवर भिरकावलं आणि तिचा धीर सुटला.

“मी पीत नाही,” धनेश खाली बघत पुटपुटला.

“महिनाभर हेच ऐकतेय,” दिपाली म्हणाली.

डॉक्टरांनी त्याला तोंड उघडायला लावलं. हिरड्या सुजल्या होत्या.

“गोदामात काम काय करता?”

“दवाखान्यांची जुनी बीपीची यंत्रं येतात, थर्मामीटर येतात. ते फोडून पारा काढायचा, तापवून साफ करायचा, बाटलीत भरायचा. शेड बंदच असते.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

“लघवी तपासल्याशिवाय नक्की सांगता येणार नाही. पण ताई, ही दारू वाटत नाही. पाऱ्याची वाफ दिसत नाही, तिला वासही नसतो. अंगात भिनली की हात कापतात, माणूस चिडका होतो, लोकांना टाळायला लागतो.”

दिपालीला नवऱ्याकडे बघवेना.

“आणि पारा कपड्यांवरून घरात येतो,” डॉक्टर म्हणाले. “यांचे कामाचे कपडे कोण धुतं?”

“मीच.”

धनेश खुर्चीवरून उठला. दोन्ही हातांनी त्याने टेबलाची कड घट्ट धरली.

“मग आधी हिला तपासा, साहेब,” तो म्हणाला. “हिला दिवस गेलेत.”

ही गोष्ट दिपालीने त्याला अजून सांगितलेली नव्हती.