दुसरी नळी

प्लासिडच्या वाडीतल्या बावखलाचं, म्हणजे जुन्या गोड्या तळ्याचं, पाणी तांबूस झालं होतं. त्याची लेक फेलिशिया त्याच पाण्यावर पीएच.डी. करत होती, आणि बावखलाला येऊन मिळणाऱ्या ओहोळाच्या वरच्या अंगाला असलेल्या रंगाच्या कारखान्याच्या मालकांनी तिला आपलं भलंमोठं गाळणयंत्र फुकट वापरायला दिलं होतं.

"फुकट? एवढी माया कुठनं दाटून आली गो शेठला?" म्हणत प्लासिड स्वतःच कारखान्यात बघायला आला.

बावखलाचं पाणी यंत्रात ओतलं, तसं एका नळीतून दवासारखं निवळ पाणी झरू लागलं. फेलिशिया हरखली. प्लासिड मात्र दुसऱ्या नळीपाशी वाकला. तिच्यातून गाळून वेगळा काढलेला दाट तांबडा रंग ठिबकत होता.

"शेठ, एरवी कारखाना चालतो तवा ह्या नळीचं पानी कुठं सोडता?"

मालक गोड हसले. "काका, मॅडमचं संशोधन पहिल्या नळीवर ठरलंय."