हेलनची पेन्सिल

खोक्याचा शेवटचा खिळा निघाला आणि पोरांनी एकच गलका केला. जगन गुरुजींनी पक्कड खाली ठेवली, मागे वळून पाहिलं आणि त्यांच्या तोंडावरचं हसू मावळलं. दारात सखूबाई उभी होती. कडेवर धाकटा, हाताशी शांती. शांतीचं नाव शाळेतून कमी करायला ती आली होती.

गुरुजींना हे ठाऊक होतं. गेले काही दिवस त्यांनी तिच्या घराचे उंबरे झिजवले होते. पोर हुशार आहे, तिसरीत पहिली आली, एवढ्यात काढू नका, असं नाना परींनी सांगून पाहिलं होतं. सखूबाई काही दुष्ट बाई नव्हती. नवरा बुधाजी कंबर धरून घरी बसलेला. मिठागरावर मिठाच्या पाट्या वाहायला आता ती एकटी. ती पाट्या वाहणार, तर धाकट्याला सांभाळणार कोण? गुरुजींकडे उपदेश होता, आणि उपदेशानं तान्हं पोर झोपत नाही.

"बसा जरा. एवढं वाटून होऊ द्या," गुरुजी म्हणाले. तेवढीच वेळ टळली तर टळली, असा त्यांचा भाबडा विचार.

स्वराज्य येऊन काही वर्षं झाली होती, पण खाडीकाठच्या त्या शाळेत अजून धड फळा नव्हता. सातासमुद्रापलीकडच्या कुठल्याशा शाळेनं इकडच्या गरीब शाळांसाठी वापरलेली पुस्तकं आणि सामान धाडलं होतं. पनवेलहून गुरुजींनी तो खोका सायकलला बांधून, खारजमिनीच्या बांधावरून ढकलत आणला होता. आत चित्रांची जाड पुस्तकं, वह्या, रंगीत खडू आणि पेन्सिलींचा हा ढीग. पुस्तकं इंग्रजीत होती. पण चित्रातली गाय गायीसारखीच दिसत होती, त्यामुळे पोरांचं काही अडलं नाही.

शांतीनं आईचा हात कधी सोडला, कळलंच नाही. घोळक्यातून ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात एक वही आणि एक पेन्सिल होती. सखूबाईनं पेन्सिल घेऊन बोटांत फिरवली. निम्मीच वापरलेली. मागच्या टोकाला बारीक दातांच्या खुणा.

"ही कुनाची, गुरजी?"

गुरुजींनी वहीवरचं नाव वाचलं. "हेलन म्हणून मुलगी आहे तिकडची. असेल आपल्या शांतीएवढीच."

सखूबाईनं वही चाळली. सुरुवातीची थोडी पानं लिहिलेली, बाकीची कोरी. तिचा चेहरा उतरत गेला. या गावात पेन्सिल चिमटीत धरवेनाशी झाली की पोरं ती कळकाच्या नळीत खोचून लिहीत. वहीचे पुठ्ठेसुद्धा भरत. लिहिती पेन्सिल घराबाहेर जायची ती एकाच कारणानं, पोराची शाळा कायमची सुटली की. मग ती शेजारच्या पोराला मिळे, आणि देणारी आई त्या दिवशी फारसं बोलत नसे.

"म्हंजे हिला शाळंतनं काढली," सखूबाई म्हणाली. मग तिची नजर खोक्याकडे गेली. "अगं बाय! एवढ्या सगल्या पोरांना काढलं? दुष्काळ पडला का काय तिकडं?"

गुरुजींनी तोंड उघडलं. तिकडे दरसाल नवं मिळतं, जुनं नकोसं होतं, ते इकडे येतं, एवढंच तर सांगायचं होतं. पण ती त्या पेन्सिलीकडे अशी बघत होती की त्यांची जीभ रेटेना. खोटं बोलायचं त्यांच्या जिवावर आलं, आणि खरं बोलायचं त्याहून.

"पोर जिती हाय ना?"

"आहे, आहे. खुशाल आहे."

"धाकटा भाऊ असंल तिला," सखूबाई आपल्याशीच बोलावं तशी बोलू लागली. "आयशीला कामावर जायचं असंल. काय करंल बिचारी? पोर रडली असंल, पेन्सिल सोडत नसंल. तिच्या हातातनं काढून घेतली असंल आयशीनंच." तिनं डोळ्यांना पदर लावला. इतके दिवस आपण हिला शहाणपण शिकवत होतो, याची गुरुजींना लाज वाटली.

शांती हात पुढे करून उभी होती. मागत नव्हती, नुसती उभी होती. सखूबाईनं पेन्सिल तिच्या मुठीत दाबून दिली. "जा, बस जाग्यावर."

"मग... नाव?" गुरुजींनी भीतभीत विचारलं.

"ऱ्हाऊ द्या." ती दारापर्यंत गेली आणि थांबली. धाकट्याला तिनं एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं. "सामान पोचलं म्हनून तिकडं लिवाल ना, गुरजी? तवा त्या हेलनच्या आयशीला माजा निरोप घाला. म्हनावं, मी उद्यापास्नं धाकट्याला पाठीशी बांधून पाट्या उचलनार हाय. तू पन तसंच कर, बाय, पन पोरीला परत शाळंत धाड."