धुळीची चमक

“धूळ आहे ती, शाल्मली. पुसून टाक नि मोकळी हो,” सर चहात बिस्कीट बुडवत म्हणाले.

रेडिओ दुर्बिणीच्या नकाशातून ताऱ्यांमधली धूळ पुसायची आणि तिच्यामागचा विश्वाच्या आरंभीचा उजेड बघायचा, ही आमच्याकडची रीत. पाच वर्षं मी आकाशाची मोलकरीणच होते.

“पण सर, धुळीच्या प्रत्येक ढगात ही जास्तीची चमक त्याच लहरींवर येतेय. नुसत्या उबेनं एवढी येणार नाही. मला वाटतं, त्यातले इवलेसे कण गरगर फिरताहेत, म्हणून ती निघतेय.”

“ऐका! हिची धूळ फुगडी घालते,” सर म्हणाले. सगळी खोली हसली. “उद्या आपला शोधलेख छापायला जातोय. पुसणार नसशील, तर त्यावर तुझं नाव नको.”

माझे कान तापले. त्या नावासाठी मी आईच्या शेवटच्या आजारातही घरी राहिले नव्हते. मी लेख उघडला आणि दातओठ खात पुसलं.

“पुसलंस ना?” बिस्किटाचा बुडालेला तुकडा चमच्यानं शोधत सरांनी विचारलं.

“पुसलं. माझं नाव. धूळ तशीच आहे, आणि आता तिच्यावर मी एकटीच लिहिणार आहे.”